मंदीतला ‘खरेदीचा इशारा’ : आपण नेमकं काय वाचतो?

मंडळी, आज आपण आरएसआय या निर्देशकाकडे जरा टीकेच्या नजरेने बघू. आपल्याकडे एक वाक्य मंत्रासारखं शिकवलं जातं : आरएसआय ३० च्या खाली गेला आणि तिथून वर वळला, की घ्या. आमचं म्हणणं असं, की तेजीत हे वाक्य बऱ्यापैकी चालतं. मंदीत तेच माणसाला खड्ड्यात घालतं.

वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये हा निर्देशक मांडला. तो मोजतो काय? साधारण १४ दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांचं प्रमाण. बस्स, एवढंच! कंपनीचा नफा, भाव स्वस्त की महाग, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. त्यामुळे तो ३० वरून वर आला, याचा अर्थ पडण्याचा वेग कमी झाला, एवढाच. पडणं थांबलं असा नाही.

२००८ चं उदाहरण घेऊ. १० जानेवारीला सेन्सेक्स २१,२०६ पर्यंत गेला होता. मार्चच्या मध्यात तो १५,००० च्या खाली आला आणि मेच्या सुरुवातीला पुन्हा १७,६०० च्या आसपास पोचला. ‘तळ झाला’ असं वाटावं अशीच ही उसळी. मग जुलैच्या मध्यात १२,६०० च्या खाली, ऑगस्टमध्ये १५,५०० च्या आसपास. पुन्हा तोच भास! आणि २७ ऑक्टोबरला दिवसातला नीचांक ७,६९७. मे महिन्यातल्या पातळीवर निर्देशांकात एक लाख घातले असते, तर त्या दिवशी त्यांचे चव्वेचाळीस हजारांच्या आत झाले असते. हे निवृत्तीचे पैसे असतील, तर भरपाईला वर्षं कुठून आणायची?

मग निर्देशक फेकून द्यायचा का? नाही. आधी कल बघायचा. दोनशे दिवसांची सरासरी खाली झुकलेली आणि भाव तिच्याखाली असेल, तर ३० चा इशारा कच्चा समजायचा. मंदीतली उसळी बऱ्याचदा आरएसआय ६० च्या आसपास आला की दमते, हा अनेक अभ्यासकांचा अनुभव आहे. म्हणून ३० वरून सुटका झाली का, यापेक्षा ६० ओलांडून तो टिकला का, हा प्रश्न जास्त कामाचा.

आता आमच्याच म्हणण्यावर आक्षेप घेऊ. पक्क्या खात्रीची वाट बघण्याचीही किंमत असते. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. १५ मेला १२,१७३ वर. जवळपास निम्मी वाढ निवडणुकीच्या निकालाआधीच होऊन गेली होती. १८ मेला बाजार उघडताच अप्पर सर्किट लागलं, व्यवहार थांबले आणि निर्देशांक १४,२८४ वर गेला. ‘निकाल लागू दे, मग घेऊ’ म्हणणारे दाराबाहेरच राहिले.

म्हणजे बघा, लवकर घुसलो तर पैसे जातात, उशीर केला तर संधी जाते. पण या दोन चुका सारख्या नाहीत. साठ टक्के गमावल्यावर मूळ पदावर यायला दीडशे टक्के वाढ लागते. हुकलेल्या संधीत भांडवल तरी शाबूत राहतं. म्हणून मंदीत इशारा दिसला, की ‘किती मिळेल’ याच्या आधी ‘हा खोटा ठरला तर आपलं किती जाईल’ हे कागदावर लिहा. तो आकडा झेपत असेल, तरच थोडे थोडे, हप्त्यांनी घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.