चपळ आणि डौलदार : गतिवाचक शब्दांचा मूल्यव्यूह

मराठी समीक्षक एखाद्या पात्राच्या वा शैलीच्या गतीविषयी लिहू लागला की दोन विशेषणे त्याच्या हाताशी प्रथम येतात : 'चपळ' आणि 'डौलदार'. परंतु ही दोन विशेषणे एकाच नामामागे सहसा उभी राहत नाहीत. खार चपळ असते, हत्ती डौलदार असतो. गलबत डौलाने बंदरात शिरते, होडके चपळाईने लाटांतून वाट काढते. जे वेगवान आहे तेच देखणेही आहे, असे सांगण्याची वेळ आली की आपण 'चपळ पण डौलदार' असे लिहितो. ह्या 'पण'मध्ये काय दडले आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ह्या विरोधाची मुळे शोधताना संस्कृत परंपरेकडे जावे लागते. नाट्यशास्त्रातील गतिप्रचाराच्या विवेचनात पात्राची चाल त्याच्या प्रकृतीवरून ठरविली आहे : उत्तम प्रकृतीच्या पात्रांना संथ लय, मध्यमांना मध्य आणि अधमांना द्रुत. राजा सावकाश चालतो आणि सेवक धावतो, ही सामाजिक वस्तुस्थिती येथे सौंदर्याचा नियम होऊन बसली आहे. त्याच ग्रंथात 'चपलता' ही तेहेतीस व्यभिचारी भावांत गणली असून अविचारी उतावळेपणा हा तिचा आशय आहे. अमरकोशात विजेच्या नावांमध्ये 'चंचला' आणि 'चपला' शेजारीशेजारी येतात. काव्यातील नायिका गजगामिनी किंवा हंसगामिनी असते. हरिणीकडून कवींनी तिच्यासाठी डोळे घेतले, पाय घेतले नाहीत.

मराठीत 'चपल'चा 'चपळ' झाला आणि त्या शब्दाचा दोष बराचसा धुऊन निघाला; तो 'चंचल'कडे राहिला. घोडा, मल्ल, स्वार, खो-खोचा गडी ह्यांना चपळ म्हणणे ही निखळ स्तुती आहे. डोंगराळ मुलखात गनिमी काव्याने लढलेल्या समाजाने चपळाईला मोल दिले, असा तर्क येथे सुचतो. तो मोहक असला तरी अपुरा आहे. कारण स्त्रीच्या बाबतीत शब्दांचा संच बदलतो. घरात तिची 'लगबग' असते. रस्त्याने ती 'लचकत' वा 'मुरडत' गेली की शब्दातच संशय शिरतो. तिचा वेग कामासाठी असेल तर तो गुण, आणि हालचालीतील सौंदर्य तिचे स्वतःचे असेल तर तो नखरा. म्हणजे शब्दाची प्रतिष्ठा गतीवरून ठरत नाही, ती गती कोणाची आहे ह्यावरून ठरते.

हाच मूल्यव्यूह समीक्षेच्या परिभाषेत उतरला आहे. आपली स्तुतिवाचक विशेषणे वजनाच्या कल्पनेवर उभी आहेत : भारदस्त भाषा, वजनदार लेखन. ज्येष्ठ लेखकाला आपण 'गौरवग्रंथ' अर्पण करतो आणि 'गौरव' ह्या शब्दाचा मूळ अर्थ जडपणा आहे, हे विसरतो. उलट बाजूस 'हलकेफुलके', 'चटपटीत', 'चुरचुरीत' हे शब्द स्तुतीच्या वेषातही कनिष्ठतेचा शिक्का मारतात. ह्याचा फटका लावणीला बसला. खडी लावणी उभ्याने, नृत्यासह सादर होते. तिच्यातील शब्द पदन्यासावर आणि ढोलकीवर तोलून धरलेले असतात. ती केवळ छापील संहिता म्हणून वाचून 'आशय हलका' असा निर्णय देणे म्हणजे चालणाऱ्याला बसवून त्याच्या चालीची परीक्षा घेण्यासारखे आहे.

तर मग ह्या 'पण'मधून सुटका कशी व्हावी? भाषेच्या आतच त्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग क्रियाविशेषणांचा. तुरुतुरु, झपझप, सरसर, अलगद, सुळकन, गिरकन ह्या शब्दांत मराठीची खरी समृद्धी आहे. विशेषण कर्त्याला चिकटते आणि त्याचा दर्जा सांगते. हे शब्द क्रियेला चिकटतात आणि ती कशी घडली एवढेच सांगतात. राजाही सुळकन निसटू शकतो. मात्र ह्या शब्दांना बालसाहित्यात आणि ग्रामीण कथेत जेवढी मोकळीक मिळाली, तेवढी गंभीर गद्यात मिळाली नाही. शिवाय त्यांचा मारा झाला की गद्य लाडिक होते, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरा मार्ग जाणकारांच्या परिभाषेचा. मल्लखांबावरील प्रकारांची नावे पाहावीत : अढी, वेल, फिरकी, सुईदोरा. ह्यांत स्तुती कोठेच नाही. खांबावर शरीर कसे चढते हे 'वेल' सांगते, शरीर कसे ओवले जाते हे 'सुईदोरा' सांगतो. छंदःशास्त्रकारांनीही हेच केले. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. लघु-गुरू-गुरू असा गट चरणात चार वेळा वळसा घेतो आणि मनाच्या श्लोकांमुळे ती चाल मराठी कानाला बालपणापासून परिचित असते. मंदाक्रांतेचे उदाहरण तर प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आहे. तिच्या सतरा अक्षरी चरणात आरंभी चार गुरू येतात, त्यांमागून सलग पाच लघू आणि शेवटी गुरूंचे प्राबल्य असलेली आठ अक्षरे. नाव संथपणाचे असले तरी चरणाच्या मध्यभागी धाव आहे. त्या पाच लघूंवाचून पहिले चार गुरू केवळ जड वाटले असते आणि त्या चार गुरूंवाचून पाच लघू केवळ उतावळे. विशेषणांनी ज्यांची फारकत केली ते चापल्य आणि तो डौल येथे एकाच चरणात, 'पण'वाचून, नांदतात.

ह्यावरून असे म्हणता येईल की डौल हा संथपणाचा गुण नाही आणि चापल्य हा केवळ वेगाचा गुण नाही. एका गतीतून दुसरीत जाताना तोल कसा राखला जातो, तेथे दोहोंचा उगम आहे. ह्या तोलासाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे : 'लाघव'. वैयाकरणांनी त्याचा अर्थ काटकसर असा घेतला, 'हस्तलाघव' ह्या शब्दात तो कौशल्याचा वाचक झाला, आणि 'लाघवी' माणूस आपल्याला मोहक वाटतो. काटकसर, कौशल्य आणि मोहकता ह्या तिन्ही छटा ज्यात एकत्र आल्या आहेत, असा दुसरा शब्द सहज आठवत नाही. समीक्षेने त्याला गौरवाच्या जोडीने मानाचे स्थान दिले, तर निदान कृती वाचताना ती किती वजनाची आहे एवढेच न विचारता, तिने आपले वजन कसे उचलले आहे, हेही आपण विचारू लागू.