‘कन्यादान’मधलं माहेर

घरगुती हिंसाचार या विषयावर बोलायचं तर कायदा आणि आकडे यांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. आम्ही आज एका नाटकापासून सुरुवात करतो. विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’, १९८३ सालचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलं किंवा वाचलं असेल.

कथा थोडक्यात सांगतो. नाथ देवळालीकर हे समाजवादी पुढारी, पत्नी सेवाही सार्वजनिक कामातली. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचं ठरवते. नाथांना आनंद होतो, आई आणि भाऊ धास्तावतात. लग्नानंतर अरुण तिला मारहाण करतो.

या नाटकावर आजवर वाद झाला तो मुख्यतः जातीवरून. तेंडुलकरांना १९९३ सालचा सरस्वती सन्मान याच नाटकासाठी मिळाला, आणि याच नाटकासाठी त्यांना रोषही पत्करावा लागला. मारणारा नवरा दलित दाखवला, त्यामुळे सवर्ण प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो, हा आक्षेप आम्हाला आजही रास्त वाटतो. अपमानाचा इतिहास हे मारहाणीचं कारण म्हणून पुढे आलं, की हात उगारणारा माणूस बाजूला राहतो आणि आपण समाजशास्त्रावर बोलू लागतो. बायकोला मारणारे नवरे सगळ्या जातींत आहेत, शिकलेल्या घरांतही आहेत. नाटकाची ही उणीव मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट नजरेआड झाली. हे नाटक जवळजवळ सगळं ज्योतीच्या माहेरी घडतं. मारहाण रंगमंचाबाहेर होते. आपल्यासमोर काय घडतं? ती कळल्यावर घरची माणसं काय करतात, ते. म्हणून ‘कन्यादान’ हे मदत करणाऱ्यांचं नाटक आहे असं आम्ही म्हणतो.

आता पाहा. ज्योती माहेरी येते, परत जाणार नाही म्हणते. नाथ काही दुष्ट नाहीत, मुलीवर त्यांचा जीव आहे. पण त्यांच्या लेखी हे लग्न म्हणजे एक प्रयोग आहे आणि तो फसू नये ही त्यांची तळमळ. मुलीचं दुखणं ऐकता ऐकता ते स्वतःच्या स्वप्नाची काळजी करू लागतात. मग अरुण येतो, पश्चात्तापाचं मोठं प्रदर्शन मांडतो, आणि ज्योती उठून त्याच्याबरोबर जाते. तिला काय हवंय हे शांतपणे विचारायला कुणाला सवडच मिळत नाही.

पुढे गरोदर ज्योतीला त्यानं लाथा मारल्याचं कळतं. त्याच सुमारास अरुणच्या आत्मचरित्राचा गौरव होत असतो. नाही म्हटलं तर मुलीला त्रास होईल, या भीतीनं नाथ त्याच्या पुस्तकावर जाहीर स्तुतीचं भाषण करतात. तिच्यासाठीच करतात, पण तिला न विचारता! ज्योती येऊन जाब विचारते तो या खोटेपणाचा. शेवटी ती नवऱ्याकडे परत जाते आणि माहेरचं दार स्वतःच बंद करून घेते. अनेकांना त्यात तिचा करारीपणा दिसतो. आम्हाला तिचं एकटेपण दिसतं. नवऱ्यानं जे पुरं केलं नव्हतं, ते माहेरच्या भल्या माणसांनी नकळत पुरं केलं.

ही नाटकातलीच गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१), शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितल्याचं दिसतं. ज्या मागतात त्या बहुतेक आधी माहेरी मागतात. पोलीस, वकील, डॉक्टर फार नंतर. म्हणजे पहिला शब्द बोलायची पाळी आपल्यावर येते. आणि आपण काय बोलतो? ‘थोडं सांभाळून घे’, ‘मुलांकडे बघ’, ‘आम्ही त्याला समजावतो’.

शेवटचं वाक्य सगळ्यात मदतीचं वाटतं, पण बऱ्याचदा तेच धोक्याचं असतं. नवऱ्याला जाब विचारून आपण आपल्या घरी येतो, त्याचा राग मात्र ती एकटी भोगते. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणं हेही तसंच. त्याच्यासमोर ती खरं बोलेल कशी? घर सोडण्याचा काळ तर सर्वांत जोखमीचा. तेव्हा कधी निघायचं, कुठं जायचं, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, हे तिनं ठरवावं आणि आपण गुपचूप साथ द्यावी.

ज्योतीच्या काळात कायद्याचा आधार तोकडा होता. ४९८अ हे कलम १९८३ सालचंच, पण तो फौजदारी मार्ग. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, सामायिक घरात राहण्याचा हक्क येतो, संरक्षण अधिकारी येतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्रानं तर दवाखान्यातच अशा स्त्रियांची विचारपूस करण्याची वाट घालून दिली. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. हे सगळं माहीत असावं, तिला सांगावं. तिनं आजच तक्रार केली पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये.

‘कन्यादान’ या शब्दातच दिलेली वस्तू परत घ्यायची नाही असा अर्थ आहे. पुरोगामी नाथांनी मंत्रांवाचून तोच अर्थ पाळला. आमचं म्हणणं एवढंच, की मुलगी दारात आली तर तत्त्व, अब्रू, लोक काय म्हणतील, हे सगळं बाजूला ठेवून आधी तीन वाक्यं म्हणावीत. ‘तू सांगतेस ते खरं आहे. चूक तुझी नाही. तुला काय करायचंय?’ आणि मग गप्प बसून ऐकावं. परत गेली तरी दार उघडं ठेवावं, कारण ती पुन्हा येईल तेव्हा तिला पहिल्यापासून सांगायला लागू नये.