संगणकाच्या इतिहासांतील गाळलेलें प्रकरण

आपल्या देशांतील संगणकाचा विषय निघाला, कीं मराठी लेखणी बहुधा १९९१ सालापाशीं येऊन थांबते. अमेरिकेनें हवा तसा महासंगणक देण्याचें नाकारलें, आणि पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं 'परम ८०००' सिद्ध केला, ही कथा आम्हां वैदर्भीयांस विशेष प्रिय. भटकरांचें अभियांत्रिकीचें शिक्षण नागपूरचेंच. हा अभिमान रास्त आहे. आमची तक्रार एवढीच, कीं त्या कथेच्या तेजांत तिच्या आधींचें एक प्रकरण झांकून गेलें आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखालीं १९५५ च्या सुमारास संगणक बांधण्याचें काम सुरू झालें. त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनीं तोंवर संगणक हाताळलाहि नव्हता. प्रथम लहानसा नमुना करून त्यांनीं हात बसविला. १९६० सालीं पूर्ण यंत्र चालूं झालें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्या स्मृतीचे कप्पे २०४८, आणि प्रत्येकांत शून्य किंवा एक असे ४० अंक. आजच्या रीतीनें साठविलेला प्रस्तुत लेख तींत एकदां मावेल, तीनदां मावणार नाहीं! १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं या यंत्रास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें.

१९६४ सालीं संस्थेंत 'सीडीसी ३६००' हें अमेरिकी यंत्र आलें आणि टिफ्रॅक मागें पडलें. तेव्हां अशा अल्पायुषी यंत्राचें कौतुक कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु यंत्र जुनें झालें, तरी तें बांधतांना मिळालेली विद्या जुनी होत नाहीं. त्याच नरसिंहनांनीं पुढें १९६५ सालीं स्थापन झालेल्या भारतीय संगणक संस्थेचें पहिलें अध्यक्षपद भूषविलें.

ज्या सावनेरांत आम्ही हें लिहीत आहों, तेथेंच १९१९ च्या जानेवारींत राम गणेश गडकऱ्यांनीं देह ठेवला. त्यांचें 'राजसंन्यास' अपुरें राहिलें. तरीहि मराठी वाचकानें तें जिवापाड जपलें. मग पुरें होऊन काम केलेलें यंत्र केवळ कालबाह्य झालें म्हणून विसरावें, हा कोठला न्याय? कोणीं नकार दिल्यावर ईर्ष्येनें केलेलें कार्य आम्हांस स्मरतें. कोणाच्या नकाराची वाट न पाहतां, निव्वळ शिकण्याच्या ओढीनें केलेलें स्मरत नाहीं. ही आवडनिवड आमच्या इतिहासलेखकांनीं तपासून पाहावी. मुलांच्या हातीं केवळ अवहेलनेला दिलेल्या उत्तरांचाच इतिहास पडला, तर अवहेलना होईपर्यंत स्वस्थ बसावें, एवढेंच तीं त्यांतून शिकतील.