स्वतंत्र गोष्टींचा आग्रह

ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं फारच थोडीं घरें अशीं असतील कीं, ज्यांतला एकादा मुलगा, सून किंवा पुतण्या हिंजवडी, बंगळूर अथवा त्याहूनही दूरच्या शहरीं सॉफ्टवेअर रचण्याच्या धंद्यांत नाहीं. त्या मंडळींच्या तोंडीं ‘स्टोरी’ हा शब्द सारखा येतो. ‘माझी स्टोरी अडकली आहे’ असें म्हणत सूनबाई जेवणाच्या पानावरून उठून संगणकासमोर जाऊन बसली, तर ती कादंबरी लिहीत आहे असा समज आतां सासूबाईंचाही होत नाहीं, इतका तो शब्द घरांत रुळला आहे. परंतु गोष्ट अडकते म्हणजे काय होतें, आणि ती अडकूं नये म्हणून ह्या धंद्यांतील ग्रंथकारांनीं काय सांगितलें आहे, ह्याची चर्चा मराठींत झालेली आमच्या पाहण्यांत नाहीं. साहित्याच्या अध्यापकानें ह्या वाटेस जावें कां, असें कोणी विचारील. त्यावर आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या वाङ्मयानें ‘गोष्ट’ हा आमचा शब्द उचलला, तें गोष्टींच्या परीक्षकानें वाचलें तर त्यांत अतिक्रमण नाहीं.

ही गोष्ट म्हणजे एका लहानशा कार्डावर मावेल एवढें वाक्य. ‘पॉलिसीधारक म्हणून मला माझा पत्ता स्वतः बदलतां यावा, म्हणजे कंपनीचीं पत्रें जुन्या घरीं जाणार नाहींत,’ अशा धर्तीचें. कोणाला, काय आणि कशासाठीं, एवढे तीन प्रश्न त्यांत सुटावे. बाकीचा तपशील तोंडीं बोलून ठरवावा, असा संकेत आहे. केंट बेक ह्यांनीं १९९६ पासून अमेरिकेंतील क्रायस्लर ह्या मोटार-कंपनीच्या पगारपत्रकाच्या कामावर जी कार्यपद्धति घडविली, आणि १९९९ मध्यें ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्स्प्लेन्ड’ ह्या पुस्तकानें जिला प्रसिद्धि मिळाली, तिच्यांतून हीं कार्डें आलीं. त्याच कामावरील रॉन जेफ्रीज ह्यांनीं २००१ मध्यें गोष्टीचीं तीन अंगें सांगितलीं: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें सतरा जणांनीं मिळून अ‍ॅजाइल पंथाचा जाहीरनामा काढला. शेंकडों पानांचें मागणीपत्रक आधीं लिहावयाचें, तें सही-शिक्क्यानें पक्कें करावयाचें, आणि मग वर्ष-दोन वर्षांनीं जें बाहेर पडेल तें गिऱ्हाइकानें मुकाट्यानें पदरांत घ्यावयाचें, अशी जी रीत पुष्कळ ठिकाणीं होती, तिच्यापुढें हीं कार्डें म्हणजे मोठीच सुधारणा होती, हें आम्ही आरंभींच मान्य करितों.

परंतु कार्डें सुटीं असलीं म्हणून कामें सुटीं असतातच असें नाहीं. एक गोष्ट पुरी झाल्यावांचून दुसरीस हात घालतां येत नाहीं, ह्या अडचणीला हे लोक ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. २००३ मध्यें बिल वेक ह्यांनीं चांगल्या गोष्टीचे सहा गुण सांगून त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘इन्व्हेस्ट’ असा शब्द जुळविला. गोष्ट स्वतंत्र असावी, वाटाघाटीस मोकळी असावी, मोलाची असावी, तिच्या श्रमांचा अंदाज बांधतां यावा, ती लहान असावी आणि तिची परीक्षा घेतां यावी. स्वातंत्र्य हा त्यांतील पहिला गुण. पुढल्याच वर्षीं माइक कोन ह्यांचें ‘यूझर स्टोरीज अप्लाइड’ हें पुस्तक निघालें व त्यांत ह्या सहा गुणांचें सविस्तर विवरण आलें. हल्लींच्या पुष्कळ तरुणांच्या कानीं गोष्टींच्या स्वातंत्र्याचा उपदेश ह्याच पुस्तकाच्या द्वारें गेलेला आहे. म्हणून आमच्या परीक्षणाचा मुख्य विषय तेंच.

कोन ह्यांचें उदाहरण असें आहे. नोकरीच्या जाहिराती लावणाऱ्या एका संकेतस्थळावर कंपनीला व्हिसा कार्डानें पैसे भरतां यावे, ही एक गोष्ट. मास्टरकार्डानें भरतां यावे, ही दुसरी. अमेरिकन एक्सप्रेसनें, ही तिसरी. ह्यांपैकीं जें कार्ड पहिलें बसवावें त्यास तीन दिवस लागतील, मागाहून येणाऱ्या दोहोंस एकेक दिवस. मग व्हिसाच्या गोष्टीवर तीन दिवस लिहावे कीं एक? जी आधीं हातीं येईल तिच्यावर सगळा बोजा पडणार, आणि कोणती आधीं येईल हें तर ठरलेलें नाहीं. कोन म्हणतात, तिन्ही मिळून एकच मोठी गोष्ट करावी. किंवा वांटणीच निराळ्या ठिकाणीं करावी, म्हणजे ‘कोणतेंही एक कार्ड’ ही एक गोष्ट आणि ‘आणखी दोन कार्डें’ ही दुसरी. हेंही न साधल्यास एकाच गोष्टीवर दोन अंदाज लिहून पुढें जावें.

ह्या उदाहरणाचें आम्हांस खरोखर कौतुक वाटतें. कठीण विषय इतक्या थोडक्यांत मांडणारा ग्रंथकार वाचकाचा वेळ जाणतो. परंतु तेंच उदाहरण पुन्हां वाचावें. ‘आणखी दोन कार्डें’ ही गोष्ट ‘कोणतेंही एक कार्ड’ हिच्या आधीं करतां येईल काय? ‘आणखी’ हा शब्दच सांगतो कीं, नाहीं. म्हणजे नव्या वांटणीनें परावलंबन गेलें नाहीं; तें आधीं तिन्ही गोष्टींत लपून बसलें होतें, तें आतां एका शब्दांत येऊन उभें राहिलें. हा फायदा लहान नाहीं, कारण अंदाज त्यामुळें खरा ठरतो. पण त्याला स्वातंत्र्य म्हणणें म्हणजे रोग ओळखल्याबद्दल रोगी बरा झाला असें जाहीर करण्यासारखें आहे. दुसरें असें कीं, हें उदाहरण फार सोज्वळ आहे. तिन्ही कार्डें त्याच चार-पांच माणसांच्या हातीं आहेत. आज हें, उद्यां तें, असें त्यांना करतां येतें, कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. सबंध अडचण अंदाजाची, माणसांची नाहींच.

सहा गुणांपैकीं पहिला व पांचवा ह्यांचें आपसांत पटत नाहीं, हीही गोष्ट ह्या वाङ्मयांत पुरेशा स्पष्टपणें आम्हांस आढळली नाहीं. गोष्ट जितकी लहान कापावी तितकी ती शेजारच्या तुकड्यावर अधिक टेकते. ‘पंचतंत्रां’तील पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट कोणत्याही मुलाला सुटी सांगतां येते, परंतु करटकानें ती दमनकाला कां सांगितली, हें ‘मित्रभेदा’च्या चौकटीवांचून समजत नाहीं, आणि वानराच्या गोष्टीचेच आणखी चार तुकडे केले तर त्यांतला एकही सुटा सांगतां यावयाचा नाहीं. लहानपणाला कोठें थांबावयाचें, ह्याचें माप ‘स्वतंत्र’ ह्या गुणानें द्यावें, असा अर्थ लाविला तर दोन्ही गुणांचा मेळ बसेल. पण व्यवहारांत दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्यें मावावी म्हणून गोष्ट कापली जाते, आणि मग तुकडे एकमेकांची वाट पाहत बसतात.

इंग्रजींत ह्या सगळ्याला एकच शब्द आहे, हें आमच्या मतें घोटाळ्याचें एक कारण असावें. आपल्या भाषेंत तीन निराळे शब्द आहेत, ते वापरून पाहावे. तिकीट काढल्यावांचून तें रद्द करतां येत नाहीं, हा अनुक्रम. तो व्यवहाराच्या स्वभावांतच आहे, आणि त्याबद्दल कोणासही दोष देण्याचें कारण नाहीं. तिन्ही कार्डांना पैसे घेण्याची एकच व्यवस्था लागते, हें परस्परावलंबन. पायाचें काम कोणींतरी आधीं करावयाचें, एवढाच तेथें प्रश्न. आणि आपलें काम दुसऱ्याच्या मर्जीवर व सवडीवर अडून राहणें, हें परावलंबन. पहिल्या दोहोंवर कोन ह्यांचे उपाय चालतात. तिसऱ्याचा त्यांच्या उदाहरणाला स्पर्शही नाहीं, आणि आमच्या ओळखीच्या तरुणांच्या तोंडून ज्या तक्रारी ऐकूं येतात त्या बहुतेक तिसऱ्याच्याच.

आमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यांत एका परदेशी विमा-कंपनीच्या कामावर आहे. वर दिलेली पत्ता-बदलाची गोष्ट तिच्याच वांट्याची. तिच्या गटानें आपल्या बाजूचें काम चार दिवसांत उरकलें. परंतु ग्राहकाचा पत्ता ज्या मध्यवर्ती नोंदींत राहतो ती सांभाळणारा गट निराळा, दुसऱ्या देशांत, आणि त्याच्या कामांच्या यादींत हिची मागणी कोठें तरी तळाशीं. एक स्प्रिंट गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. स्प्रिंटच्या अखेरीस मागें वळून पाहण्याची जी बैठक होते, तींत तिला जाब विचारण्यांत आला. ती आम्हांस म्हणाली, “सर, मला विचारलं, तुम्ही गोष्ट स्वतंत्र का नाही लिहिली? आता तुम्हीच सांगा, मी वाक्य कसं लिहिलं असतं म्हणजे तो पत्ता आमच्या ताब्यात आला असता?”

वाक्यरचना शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या आम्हांस ह्याचें उत्तर देतां आलें नाहीं. आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. स्वातंत्र्य हा कार्डावरील वाक्याचा गुण म्हणून सांगितला कीं, तें नसणें हा वाक्य लिहिणाऱ्याचा दोष ठरतो. वस्तुतः तें स्वातंत्र्य वाक्यांत नसतें. कोणाच्या ताब्यांत काय दिलें, कोणत्या गटाची हद्द कोठें आंखली, ह्यांत तें असतें. आणि त्या हद्दी आंखणारा मनुष्य त्या बैठकीला हजरही नसतो.

ह्या मताचा उगम कोठें आहे हें पाहिलें म्हणजे ग्रंथकारांवर फार राग धरवत नाहीं. क्रायस्लरचें तें काम एका लहानशा गटाचें होतें. गिऱ्हाइकाचा प्रतिनिधि जवळ, कार्ड टेबलावर, शंका आली तर मान वळवून विचारावयाची. अशा ठिकाणीं परावलंबन संभाषणांतच विरून जातें. तेथला नियम पांचशें माणसांच्या, तीन देशांत विखुरलेल्या कारखान्याला लाविला म्हणजे काय होईल, हें पूर्वसूरींना माहीत नव्हतें असेंही नाहीं. मेल्विन कॉन्वे ह्यांनीं १९६८ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, संस्थेंतील माणसांचें दळणवळण जसें असेल तसाच आकार तिनें घडविलेल्या यंत्रणेला येतो. डेव्हिड पार्नस ह्यांनीं १९७२ मध्यें सांगितलें कीं, कामाचे भाग त्याच्या पायऱ्यांप्रमाणें पाडूं नयेत. पुढें बदलण्याजोगा एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटांत झांकून राहील असे पाडावे. ज्यांना गोष्टी स्वतंत्र हव्या आहेत त्यांनीं आधीं हे दोन लेख वाचावे. हिशेबही सोपा आहे. एका गोष्टीला चार गटांचें साह्य लागतें, आणि प्रत्येक गट दहांपैकीं आठ वेळां वचन पाळतो असें समजूं. तरी चौघांचेंही काम एकाच वेळीं वेळेवर येण्याचा संभव शंभरांत एकेचाळीस. चारही गट कर्तव्यदक्ष असून गोष्ट अर्ध्याहून अधिक वेळां अडकणार.

मोठ्या संस्थांसाठीं म्हणून जी ‘सेफ’ नांवाची पद्धति डीन लेफिंग्वेल ह्यांनीं २०११ मध्यें पुढें आणिली, तींत ह्यावर एक दृश्य उपाय आहे. सर्व गट एकत्र जमून भिंतीवरील फलकावर आपापलीं कामें लावतात, आणि ज्या कामाला ज्याची गरज त्यांच्यामध्यें तांबडा दोरा ताणतात. माणसें एकमेकांसमोर येऊन बोलतात हा त्याचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दोऱ्यांचें जाळें दाट झालें म्हणजे तें पाहून हद्दी बदलाव्या, असें मनांत येण्याऐवजीं दोऱ्यांवर देखरेख करणारा एक नवा अधिकारी नेमला जातो, असें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणांविषयीं ऐकिलें आहे. क्रेग लार्मन व बास व्होड्डे ह्यांनीं २००८ मध्यें ह्याच्या उलट बाजूनें विचार केला: यंत्रणेच्या एकेका भागाला एकेक गट बांधूं नये, गिऱ्हाइकाची सबंध गरज एकाच गटानें आरंभापासून अखेरपर्यंत पुरी करावी. त्यांचें लिहिणें रुक्ष आहे, आणि सगळ्यांना सगळें शिकावें लागेल हा खर्चही मोठा. पण बोट योग्य जागीं ठेविलें आहे.

गोष्टींचा परीक्षक ह्या नात्यानें आम्हांस सर्वांत अधिक समाधान दिलें तें जेफ पॅटन ह्यांच्या ‘यूझर स्टोरी मॅपिंग’ ह्या २०१४ मधील पुस्तकानें. कार्डांची एकाखालीं एक उतरंड रचली कीं कथानक हरवतें, हें दुःख ह्या ग्रंथकाराला खरोखरच जाणवलें आहे. तो कार्डें आडवीं मांडतो: वापरणारा मनुष्य आधीं काय करतो, मग काय, त्यापुढें काय. प्रत्येक पायरीखालीं तिचे बारीकसारीक प्रकार उभे लावतो, आणि मग सबंध रुंदीची एकेक पट्टी आडवी कापून घेतो, म्हणजे पहिलीच पट्टी कितीही कृश असली तरी आदि-अंत असलेली कथा होते. येथें अनुक्रम लपविला नाहीं. त्याच्याच आधारानें मांडणी केली आहे. पुस्तक पसरट आहे, विनोद कोठें कोठें ओढून आणिलेला वाटतो, आणि दुसऱ्या गटाच्या मर्जीचा प्रश्न ह्या नकाशानेंही सुटत नाहीं. फक्त वाट कोठें अडेल हें लवकर दिसतें. तरीही कोणास एकच पुस्तक वाचावयाचें असेल तर आम्ही हेंच सुचवूं.

आमच्या विद्यार्थिनीनें पुढें काय केलें तेंही सांगितलें पाहिजे. तिनें त्या दूरच्या गटांतील एकाशीं परभारें बोलणें लाविलें. पत्ता मागावयाचा कसा आणि उत्तर कोणत्या आकाराचें यावयाचें, एवढें दोघांनीं ठरवून घेतलें, आणि खरें उत्तर मिळेपर्यंत तिच्या गटानें लटक्या उत्तरावर काम तपासून ठेविलें. पॉलिसीधारकांचीं पत्रें तोंवर जुन्या घरींच जात होतीं. गोष्ट सातव्या आठवड्यांत पुरी झाली. हल्लीं ती प्रत्येक कार्डाच्या पाठीमागें, दुसऱ्या गटांतील ज्याच्याशीं बोलणें झालें त्याचें नांव आणि तारीख लिहिते. असें लिहावें म्हणून तिला कोणत्याही पुस्तकानें सांगितलेलें नाहीं.