सैनिकाचं पत्र पुरावा म्हणून वाचताना

समजा तुमची पेट झाली, सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय घेतलाय 'पहिल्या महायुद्धात बीड जिल्ह्यातले सैनिक आणि त्यांच्या घरच्या बायका'. मग कोणीतरी तुम्हाला डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेलं 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' (१९९९) सुचवणारच.

पुस्तक जरूर वाचा. १९१४ ते १९१८ मधल्या भारतीय सैनिकांची साडेसहाशेच्या आसपास पत्रं त्यात आहेत. पलटणी आणि लढायांच्या पलीकडे बायको, शेत, सोयरीक, कर्ज हे सगळं त्यांत दिसतं. पण शीर्षकातला 'व्हॉइसेस', म्हणजे आवाज, हा शब्द मला खटकतो. मीही पहिल्या मसुद्यात "सैनिकाने पत्नीजवळ मन मोकळे केले" असं बिनधास्त लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं, "तिला वाचून कोणी दाखवलं?"

आता पत्राचा प्रवास बघा. सैनिकाला लिहिता येत नसेल तर तो सांगायचा आणि दुसरा लिहायचा. मग सेन्सॉर उतारे काढून त्यांचं इंग्रजी भाषांतर करायचा. गावात पत्र पोचलं की कोणीतरी ते मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकायला सासू-सासरे, दीर बसलेले. यात नवरा-बायकोचं खासगी असं किती उरलं? सेन्सॉर आहे हे सैनिकांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते काळी मिरी म्हणजे हिंदी फौज आणि लाल मिरची म्हणजे गोरी फौज अशी सांकेतिक भाषा वापरायचे.

दुसरी अडचण निवडीची. पुस्तकात भर आहे तो फ्रान्सच्या आघाडीवर आणि पंजाबी सैनिकांवर. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात लढला. बायकांची पत्रं तर फारच थोडी आहेत. म्हणजे पंजाबी जोडप्यावरून काढलेला निष्कर्ष बीडच्या जोडप्याला चिकटवता येणार नाही.

शिवाय बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तुमचा सैनिक इंग्रजांच्या पलटणीत होता, की पॅलेस्टाईनकडे गेलेल्या हैदराबाद लान्सर्समध्ये, हे आधी ठरवा. कारण त्यावरच दप्तर कुठे शोधायचं ते ठरेल. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, तेव्हा उर्दू शिकायची तयारी ठेवा.

मग बायकोचं म्हणणं शोधायचं कुठे? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आता 'परी'च्या संकेतस्थळावर आहेत. माजलगावच्या बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. पण सावध राहा. त्या युद्धानंतर कितीतरी दशकांनी नोंदवल्या गेल्या. त्यांतून १९१६ सालची बायको सरळ बोलतेय असं म्हणाल, तर जी चूक पत्रांबाबत केली तीच पुन्हा कराल. दूर गेलेल्या माणसाबद्दल बायका आपसात काय आणि कसं बोलू शकत होत्या, एवढं मात्र ओव्या सांगू शकतात. पत्रांत नेमकं तेच सापडत नाही.

तर सिनॉप्सिसमध्ये प्रत्येक साधनापुढे तीन गोष्टी लिहा. सांगितलं कोणी, लिहिलं कोणी, ऐकत कोण होतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर 'भावना', 'अंतरंग' असले शब्द तूर्त बाजूला ठेवा. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येईल. आणि ज्या बाईनं चारचौघांत बसून नवऱ्याचं पत्र ऐकलं, तिच्या गप्प बसण्याचीही नोंद होईल.