प्रश्नातील कर्ता : विधिमंडळीय प्रश्नोत्तरांच्या भाषेसंबंधी काही विचार

विरोधी पक्षाच्या सभासदाने मंत्र्यास प्रश्न विचारावा आणि मंत्र्याने सभागृहात उभे राहून त्याचे उत्तर द्यावे, ही संसदीय लोकशाहीतील अगदी परिचयाची घटना आहे. तिच्याकडे राज्यशास्त्राचे अभ्यासक पाहतात, वृत्तपत्रे पाहतात. परंतु ती मुळात एक भाषिक घटना आहे ह्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ‘प्रश्न जोरदार होता’, ‘मंत्री निरुत्तर झाले’ असे शेरे आपण वाचतो. प्रश्न चांगला होता म्हणजे नेमके काय झाले, ह्याचा निकष मात्र त्या शेऱ्यांत सापडत नाही. असा एक निकष सुचविणे व तो नवी मुंबईच्या भूसंपादनाच्या प्रकरणास लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याकडे हप्त्याहप्त्याने आला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदास प्रश्न विचारता येऊ लागला, पण मिळालेल्या उत्तरावर पुन्हा काही विचारण्याची मुभा त्यास नव्हती. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाचा अधिकार मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांनाही लाभला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. राज्यकर्त्यांना पहिल्या प्रश्नाचे भय वाटले नाही. भय वाटले ते दुसऱ्याचे. त्याचे कारण प्रश्नाच्या रचनेतच आहे.

महाराष्ट्र विधानसभेतील तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. अमुक मंत्री ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी प्रस्तावना. नंतर क्रमांक घातलेली उपवाक्ये. पहिल्याच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’ आणि पुढच्यांच्या आरंभी ‘असल्यास’ वा ‘नसल्यास’. नमुन्यादाखल एक प्रश्न प्रस्तुत लेखकाने रचला आहे. तो कोणत्याही कार्यवृत्तातून घेतलेला नाही, साचा मात्र तोच आहे :

‘(१) अमुक तालुक्यातील गावांच्या जमिनी नवीन शहरासाठी संपादन करण्यात आल्या असून मार्चअखेरपर्यंत त्यांपैकी निम्म्या खातेदारांना मोबदला देण्यात आलेला नाही, हे खरे आहे काय; (२) असल्यास, उक्त प्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय; (३) असल्यास, चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही करण्यात आली; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आणि त्याचे संभाव्य उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

हे उत्तर असत्य असेलच असे नाही, हीच त्यातील मेख आहे. ‘हे खरे आहे काय’ ह्यातील ‘हे’ सर्वनाम आधीच्या संपूर्ण वाक्याकडे निर्देश करते. त्या वाक्यात चार विधाने एकत्र बांधलेली आहेत. मोबदला न मिळालेले खातेदार निम्मे नसून शंभरांत अठ्ठेचाळीस असतील, तर सबंध वाक्याचा निषेध करण्यास मंत्री मोकळे होतात. निषेधाची व्याप्ती कोठवर आहे, हे ‘नाही’ ह्या शब्दावरून ऐकणाऱ्यास कळत नाही. शिवाय पुढील सर्व उपवाक्ये ‘असल्यास’ ह्या खुंटीवर टांगलेली असल्यामुळे खुंटी निखळली की सगळीच एकदम खाली येतात. प्रश्नकर्त्याने जितके अधिक तपशील पहिल्या वाक्यात भरावे, तितकी उत्तरदात्याची वाट अधिक सोपी होते. १८९२ ते १९०९ ह्या काळातील सभासदास ह्यापुढे काहीच करता येत नव्हते. उपप्रश्नाचे महत्त्व ते हेच.

परंतु ह्याहून खोल अडचण क्रियापदाच्या रूपात आहे. वरील नमुन्यात ‘करण्यात आल्या’, ‘देण्यात आलेला नाही’, ‘करण्यात आली’ अशी रूपे प्रश्नातही आहेत. ती वाचून आपण सहज म्हणतो की हा कर्मणी प्रयोगाचा दोष. मराठीच्या बाबतीत हे निदान चुकीचे आहे. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत आपण जो प्रयोगविचार शिकतो, त्याप्रमाणे ‘शासनाने जमीन घेतली’ हे वाक्यही कर्मणीच आहे. क्रियापद ‘जमीन’ ह्या कर्माप्रमाणे चालते. तरीही कर्ता तृतीयेचा ‘ने’ लावून वाक्याच्या अग्रभागी उभा आहे. म्हणजे मराठीचा मूळचा कर्मणी प्रयोग कर्त्यास दुय्यम करतो, पण घालवीत नाही. तो गाळला तर ऐकणारा ‘कोणी?’ असे विचारल्यावाचून राहत नाही. ‘जमीन संपादन करण्यात आली’ ह्या रचनेची गोष्ट निराळी. तेथे कर्ता गाळल्याची जाणीवच होत नाही; वाक्य पूर्ण वाटते. तो आणावयाचाच झाला तर ‘शासनाकडून’ किंवा ‘शासनातर्फे’ असे लांबचे पद जोडावे लागते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभार मराठीत आला ही आनंदाची गोष्ट होय. पण त्या कारभाराने ‘-ण्यात येणे’ ही रचना इतकी आपलीशी केली की कर्तृहीन वाक्य हेच औपचारिक वाक्य, असा समज रूढ झाला.

ह्यावरून आमचा निकष असा निघतो : विरोधी सभासदाचा प्रश्न त्याच्या आवेशावरून वा उघड केलेल्या माहितीवरून जोखू नये, उत्तराच्या वाक्यात कर्ता आणण्यास त्याने मंत्र्यास भाग पाडले की नाही, ह्यावरून जोखावा.

आता नवी मुंबईकडे वळू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर उभारावयाचे ठरले आणि त्यासाठी त्याच वर्षी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली अधिसूचना निघाली. त्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे भरपाई ठरावयाची ती चौथ्या कलमाखालील अधिसूचना प्रसिद्ध झाली त्या दिवसाच्या बाजारभावाने. संपादन मात्र वर्षानुवर्षे चालले. शहर उभे राहत होते, जमिनीचे मोल वाढत होते आणि शेतकऱ्याच्या पदरात पडावयाची किंमत मात्र अधिसूचनेच्या दिवसाशी बांधलेली होती. ‘दर कोणत्या आधारे ठरविण्यात आला?’ असे विचारले असता ‘कायद्यातील तरतुदीनुसार ठरविण्यात आला’ हे उत्तर पूर्णपणे खरे होते. कलमाने दर ठरविला. कोणा माणसाने ठरविला असे दिसतच नव्हते.

ह्या प्रकरणी अखंडपणे प्रश्न मांडणारे सभासद म्हणजे जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील (१९२६–२०१३). ते वकील होते, पनवेलमधून पाच वेळा विधानसभेवर निवडून आले, १९७२ ते १९७७ ह्या काळात आणि पुन्हा १९८२-८३ मध्ये विरोधी पक्षनेते होते. म्हणजे सिडकोच्या पहिल्या दशकात ज्यांच्या जमिनी जात होत्या त्यांचाच प्रतिनिधी सभागृहात सरकारच्या समोरच्या बाकावर होता. असे असूनही प्रश्न सभागृहात सुटला नाही. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला व पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्या प्रश्नास सभागृहात कर्ता मिळाला नाही, तो रस्त्यावर गेला व त्याची किंमत माणसांनी मोजली. ‘गोळीबार करण्यात आला’ असेही हे वाक्य लिहिता आले असते. ते तसे लिहू नये, हाच ह्या लेखाचा मुद्दा आहे.

ह्या लढ्याचे भाषिक फलित अधिक विचारार्ह आहे. प्रश्न मोबदल्याच्या दराचा असेपर्यंत उत्तर कोष्टकात मावत होते. चळवळीने तो बदलून ‘विकसित शहरात मूळ मालकाचा वाटा किती?’ असा केला. ‘दर’ हा शब्द कर्त्यावाचून राहू शकतो. ‘वाटा’ राहू शकत नाही. वाटा म्हटला की देणारा, घेणारा आणि ज्यातून द्यावयाचा ती वस्तू, तिन्ही समोर येतात. १९९० साली शासनाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना स्वीकारली, तेव्हा ‘शहर कोणाचे?’ ह्या प्रश्नास प्रथमच एका अंकाचे उत्तर मिळाले. पुढे त्या साडेबारांतून पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा होऊन हाती पावणेनऊ टक्के येऊ लागले. तरीही योजनेचे नाव ‘साडेबारा टक्के’ असेच राहिले. नाव व वस्तू ह्यांतील हे अंतर हाच पुढच्या प्रश्नकर्त्याचा विषय होय.

ह्याच संदर्भात दोन शब्दांची नोंद घेतली पाहिजे. पहिला ‘प्रकल्पग्रस्त’. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त ह्या मालिकेतच तो घडला आहे. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रासणारा दुष्काळ वा पूर ही दैवी आपत्ती, तिला जाब विचारता येत नाही. ‘प्रकल्प’ त्या जागी बसताच माणसांनी ठरविलेली गोष्ट निसर्गाच्या कोपासारखी दिसू लागते. आश्चर्य असे की चळवळीनेही हाच शब्द स्वीकारला व अभिमानाने मिरविला. दुसरा शब्द ‘गरजेपोटी’. गावठाणाबाहेर गावकऱ्यांनी बांधलेल्या घरांना प्रशासन ‘अनधिकृत बांधकामे’ म्हणत आले. गावकरी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणाले आणि कालांतराने शासकीय निर्णयांच्या भाषेतही हा शब्द शिरला. ‘अनधिकृत’ ह्या शब्दात केवळ नियमभंग दिसतो. ‘गरजेपोटी’ म्हणताच ‘गरज कोणी निर्माण केली?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रश्नोत्तराच्या तासात जे साधले नाही, ते ह्या एका शब्दाने काही अंशी साधले असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या निकषावर आक्षेप घेता येतील. पहिला असा की शासन ही सामूहिक यंत्रणा आहे. तेथे प्रत्येक कृतीस एकच कर्ता शोधणे हा भाबडेपणा होय. आक्षेप अंशतः मान्य आहे. परंतु मंत्री-जबाबदारीचे तत्त्व ह्याच अडचणीवरचा उपाय आहे : कृती अनेकांची असली तरी सभागृहापुरता कर्ता एकच, तो म्हणजे मंत्री. लोकसभेत १९५७ च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा ह्यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर फिरोज गांधी ह्यांनी सरकारला धारेवर धरले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते, आणि तेथील व्यवहार इंग्रजीत होता. म्हणजे कर्ता लपणे हे काही केवळ विरोधकांचे वा मराठीचे दुखणे नव्हे. वादाचा गाभा ‘गुंतवणूक झाली काय?’ हा नव्हता. ‘ती करावयाचे कोणी ठरविले?’ हा होता. न्यायमूर्ती छागला ह्यांच्या चौकशी आयोगाने त्याचा माग काढला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ह्यांनी राजीनामा दिला. ‘कोणी’ ह्या एका सर्वनामाची ही ताकद आहे. ‘खरे आहे काय’ ह्यास ‘नाही’ म्हणून सुटता येते. ‘कोणी’ ह्यास एक तर नाव सांगावे लागते, नाही तर नाव सांगणार नाही हे उघडपणे सांगावे लागते.

दुसरा आक्षेप असा की साचा हा सभासदाच्या हाती नसून नियमांच्या हाती आहे. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध वा आरोप नसावा, अशी आपल्या विधिमंडळांची शिस्त आहे व ती योग्य आहे. एरवी प्रश्नांची भाषणे झाली असती. पण ‘कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेस, किती खातेदारांना मोबदला दिला?’ ह्या प्रश्नात अनुमान नाही, उपरोध नाही. केवळ कर्ता, काल व संख्या आहे. कर्तृहीन क्रियापद वापरावे असे बंधन घालणारा नियम नाही. ती केवळ सवय आहे, आणि ती विरोधी बाकांनीही मंत्रालयाकडून उचललेली आहे. स्वतः ‘करण्यात आले काय’ असे विचारणाऱ्यास ‘करण्यात आले’ असे उत्तर मिळाले, तर तक्रार कोणाकडे करावयाची?

नवी मुंबईच्या विमानतळास दि. बा. पाटील ह्यांचे नाव द्यावे असा ठराव विधानसभेने २०२२ साली केला. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. ज्यांनी त्या सभागृहात इतकी वर्षे प्रश्न विचारले त्यांचा गौरव त्याच सभागृहाने करावा हे उचितच झाले. तथापि प्रश्नकर्त्याचे ऋण नामकरणाने फिटत नाही. ते फिटते उत्तराने. गरजेपोटीची घरे, परत मिळावयाचे भूखंड, गावठाणांच्या सीमा ह्यांविषयीचे प्रश्न आजही त्याच साच्यात विचारले जातात. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी एखाद्या अधिवेशनाची प्रश्नोत्तरे घेऊन त्यांत किती उत्तरांना कर्ता आहे, एवढीच मोजदाद करावी. काम नीरस वाटेल. परंतु भाषाशास्त्राला सार्वजनिक जीवनात काही उपयोग आहे काय, ह्या नेहमीच्या प्रश्नाचे एक सकर्तृक उत्तर त्यातून मिळण्याचा संभव आहे.