खोगीर, पर्स आणि माळेगावचा बाजार

मंडळी, आजचा विषय पॅरिसचा, पण सुरुवात माळेगावपासून करू. नांदेड-लातूर रस्त्यावरचं, लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव. मार्गशीर्ष संपता संपता जत्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो. आपण घोडा बघतो, किंमत विचारतो, फोटो काढतो. त्याच्या अंगावरचं सामान, म्हणजे म्होरकी, लगाम, तंग, खोगीर, कुणी हातात घेऊन बघतं का? एर्मेस हे घराणं उभंच या सामानावर राहिलं.

1837 साली तिएरी एर्मेस या कारागिरानं पॅरिसात बग्गीच्या घोड्यांचं सामान बनवायला सुरुवात केली. 1900 च्या सुमारास या घराण्यानं खोगीर ठेवायची उंच पिशवी काढली. मग मोटारी आल्या, घोडे हटले, पण हात तेच राहिले आणि त्या हातांनी पर्स शिवायला घेतल्या. टाकाही खोगिराचाच. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया असतात. एकाच भोकातून त्या समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. मशीनच्या टाक्याला हे जमत नाही. घोडा उधळल्यावर तंग सुटला तर स्वार खाली, म्हणून हा टाका. पर्सला इतक्या मजबुतीची गरज नाही, खरं सांगायचं तर. तरी आम्हाला त्यात खोटेपणा दिसत नाही, कारण काम खरोखर तिथूनच आलंय.

गुच्चीचं तसं नाही. 1953 च्या बुटावरची ती लगामाची कडी, तंगाच्या पट्ट्यावरून घेतलेली हिरवी-लाल-हिरवी पट्टी, दिसायला छान आहे. पण घराणं पूर्वापार खोगीर करणाऱ्यांचं, ही कथा घरातल्याच मंडळींनी पुढे नाकारली. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: खोगीरभरती.

एर्मेसच्या चिन्हात बग्गी आहे, घोड्याजवळ चाकर उभा आहे, आणि मालकाची जागा रिकामी. ती गिऱ्हाइकानं भरायची. नांदेडला हल्लाबोलच्या मिरवणुकीत गुरूंच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे निघतात, त्यांच्याही पाठीवर कुणी नसतं. पण ती जागा विकायची नाही. हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

आता अवघड भाग. कातड्याचं काम मराठवाड्यातही होतं. विहिरीची मोट, वाद्या, चाबूक, घोड्याचा साज. इंजिनं आणि पंप आले तशी मोट गेली. पॅरिसात घोडा गेला तेव्हा कारागिराला नवं गिऱ्हाईक मिळालं, त्याच्या नावाला किंमत आली. इथं कामाला जात चिकटलेली होती. गावानं चप्पल घेतली, पण शिवणाऱ्याला ओसरीवर घेतलं नाही. बाबासाहेबांच्या मागे जाऊन ज्यांनी हे काम टाकलं, त्यांनी ‘वारसा’ बुडवला असं कुणी म्हणू नये. आम्ही तरी म्हणणार नाही.

2025 च्या जूनमध्ये प्राडानं मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. ओरड झाल्यावर भारतीय प्रेरणा मान्य केली. आपला सगळा राग नाव घेतलं नाही यावर होता. शिवणारा आज काय कमावतो, हे चर्चेत किती वेळा आलं? शिवाय कोल्हापुरीला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात नांदेड-लातूर नाहीतच. इथल्या माळेगावच्या साजाला तर नावच नाही, मग चोरी तरी कशाची म्हणायची?

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतून आधी.